सहावा चमचा

एप्रिलमध्ये वास सुटला.
आधी वाटलं, रिओनीचं पाणी उतरलं असेल,
कुताइसीत कधीकधी नदीच नासते.
पण शेजारच्या गच्चीतून झुझुना ओरडली,
"अंझोर, तुझ्या अंगणात कोण मेलंय?"

कोणी मेलं नव्हतं. म्हणजे, या वर्षी नाही.
त्सियाला गेली त्याला दोन हिवाळे झाले.
चूल माझ्याकडे आली, चुलीमागून सालं आली.
तीस वर्षं मी ट्रॉलीबस चालवली,
दार लागल्याशिवाय गाडी हलवली नाही,
म्हणून खताच्या डब्याचंही झाकण घट्ट दाबलं,
वर वीट ठेवली.
आत सगळं कोंबलं होतं:
चीजसकट शिळी खाचापुरी, माशाचं डोकं,
मक्याची अख्खी बुरकुंडं,
उरलेलं सूपसुद्धा,
ओल्यात ओलं जिरेल म्हणून.

झुझुना जिना उतरून आली.
बाही कोपरापर्यंत सारून हात आत घातला,
अडलेल्या गाईचं वासरू चाचपावं तसा.
मूठभर काळं बाहेर काढून पिळलं.
धार लागली.
"दोन थेंब पडावेत, फार तर तीन.
दूध काढायला बसलायस का?
मासा काढ. उंदरांना आमंत्रण लागत नाही.
आणि संत्र्यावरचे हे स्टिकर
नातवंडांना ठेवणार आहेस का वारसा म्हणून?
तळाला द्राक्षवेलीच्या काटक्या घाल,
वाकड्यातिकड्या, हवा खेळेल अशा.
सालं बारीक चीर. एक घमेलं ओलं, तर दोन सुकं.
पण आधी ती वीट उचल.
जीव गुदमरलाय त्याचा."

मी ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.
घमेलंभर राख ओतली, लाकडाचा भुसा, वर्तमानपत्रं.
ऑगस्टपर्यंत डब्यात वाळवंट झालं,
मुंग्यांनी गाव वसवलं.
मी रोज फावडं घेऊन उलथायचो,
वेळापत्रक चुकल्यासारखा.
झुझुना वरून बघायची.
"भट्टीत भाकर लावून
दर मिनिटाला कोणी दार उघडतं का?
आठवड्यातून एकदा बस झालं.
राख चिमटीने घाल, मीठ घालतोस तशी.
थोडं पाणी शिंपड.
आणि विरजणाशिवाय मात्सोनी लागत नाही, तसंच हे.
त्सियालाच्या जुन्या खड्ड्यातली पाटीभर माती आण."

खड्डा डाळिंबामागे. तिकडे मी फिरकत नव्हतो.
तिसऱ्या फावड्याला टण् वाजलं.
चमचा.
दांड्यावर द्राक्षांचा घड. सहातला सहावा.

अकरा वर्षांपूर्वी, नाताळच्या जेवणानंतर
ताटं मी निपटली होती,
वाईन चढलेली, हात सैल.
सकाळी चमचे पाच भरले.
त्सियालाने माझ्या बहिणीकडे नुसतं पाहिलं.
बोलली असती तर भांडण होऊन मिटलं असतं.
लामारा पुन्हा उंबरा चढली नाही.
मयतीलाही फाटकाबाहेरच उभी राहिली,
छत्री न उघडता.

त्या मातीत अंड्याची टरफलं विरली होती,
कोंबडीची हाडं विरली होती,
चुर्चखेलाचा दोरासुद्धा.
एवढंच तेवढं राहिलं होतं.
मी ते बागेच्या नळावर धुतलं.
झुझुना गच्चीत उभी होती आणि गप्प होती,
हेही पहिल्यांदाच.

रात्री बागदातीला फोन लावला.
काय बोलायचं ते दुपारभर घोकलं होतं.
तिचा आवाज आला, आणि घोकलेलं सगळं सांडलं.
मी विचारलं, "तुझ्या हेझलनटची पानं गळायला लागली?"
पलीकडे बराच वेळ कुत्रं भुंकत राहिलं.
"लागलीत," ती म्हणाली. "का?"
"दोन पोती हवी होती. खताला.
पण तू स्वतः घेऊन ये.
चहाला सहा चमचे झालेत आता."

कुत्रं थांबलं.
मला वाटलं, फोन ठेवला तिनं.

"सुकी लागतात ना रे?"
लामाराने विचारलं,
"की ओली चालतील?"